राहीबाईंच्या पासवर्डची मुदत

"शाहजादी, माझं दार उघडंना गं."

गुरुवारी सकाळी सव्वादहाला हा फोन आला, तेव्हा शाहजादी अत्तार चहात पाव बुडवत होती. फोन साताऱ्याहून होता, राहीबाईंचा.

"कुठलं दार, मावशी?"

"कंपुटरचं. कालधरनं पासवर्ड घेत न्हाई. तीनदा घातला, मग कुलूपच पडलं." मग आवाज एकदम खाली आला. "आनि दुसरंबी हाय. समोर पांढरी गाडी उभी हाय, सकाळी सातपासनं. आत शंभूराज हाय. अंकितानं खिडकीच्या फटीतनं वळखला. तवापासनं पोरगी न्हानीतनं बाहीर येत न्हाई."

पावाचा तुकडा चहात पडला आणि तळाशी गेला. शाहजादीनं तो काढला नाही.

सांगलीतली 'ओसरी' ही संस्था घरच्यांच्या भीतीनं पळालेल्या बायकांना लपवून ठेवते. तिची तीन घरं आहेत, तीन गावांत. साताऱ्यातलं घर बाहेरून कुणाचंही वाटावं असं आहे. दोरीवर परकर, कट्ट्यावर कोरफड, फाटकावर 'खोली भाड्याने मिळणार नाही' अशी पाटी. कोणती बाई कोणत्या घरात आहे, हे फक्त संगणकातल्या एका पानावर असतं. ते पान उघडायचं तर राहीबाईंचं नाव आणि राहीबाईंचाच पासवर्ड लागतो. त्या तिन्ही घरांच्या कारभारीण. वय साठ, शिक्षण चौथी, आणि धमक एखाद्या फौजदाराची.

आणि ते पासवर्डचं दार शाहजादीनं बनवलेलं होतं. एकेकाळी ती टायपिंगचा क्लास चालवायची. टाइपरायटर भंगारात गेले, तेव्हा तिनं जाडजूड पुस्तकं आणून, चष्म्याचा नंबर दोनदा बदलून, स्वतःच संगणकाची भाषा शिकून घेतली. 'ओसरी'चं काम तिनं मनापासून केलं होतं. दर पंचेचाळीस दिवसांनी पासवर्डची मुदत संपणार. मग आधी जुना पासवर्ड घालायचा, की नवा ठेवायला सांगणारा पडदा येणार. नवा ठेवल्याशिवाय आत प्रवेश नाही. तिला ते फार पक्कं वाटलं होतं.

अंकिता तेवीस वर्षांची. आष्ट्याच्या शंभूराजची बायको. चार महिन्यांपूर्वी त्यानं ओढणीनं तिचा गळा आवळला होता. शेजारीण हाका मारत आली म्हणून ती वाचली. उद्या, शुक्रवारी अकरा वाजता, सांगलीच्या कोर्टात तिचा जबाब होता. जबाब झाला तर जामिनावर सुटलेला शंभूराज परत आत जाण्याची शक्यता होती. झाला नाही तर काय, हे कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

"पोलीस?" शाहजादीनं विचारलं.

"एक बाई शिपाई आलीया. चांगली हाय. पर ती म्हनती, रस्त्यावर गाडी लावनं काय गुन्हा न्हाई. तीन वाजता मोठी गाडी येनार हाय, मग पोरीला दुसरीकडं हलवायचं."

"दुसरीकडं म्हणजे कुठं?"

"त्येच तर. सांगायचं कुनाला?"

खरा प्रश्न तोच होता. पत्ता फुटला होता, म्हणजे संस्थेतल्याच कुणीतरी फोडला होता. गाडी चालवायला सयाजी लागणार. पोलिसांना पत्र द्यायला कार्यालयातला विश्वजीत लागणार. उद्या कोर्टात अंकिताच्या शेजारी बसायला समुपदेशक संयोगिता लागणार. माणसं तीनच, आणि नवं ठिकाण तिघांनाही कळणार. त्यातला एक शंभूराजचा असेल, तर पोरीला हलवूनही उपयोग नव्हता.

संस्थेच्या अध्यक्षबाई मुलाकडे परदेशी होत्या. त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, "दार तुझं आहे, शाहजादी. कोण घुसलं ते तूच शोध. तीनच्या आत."

*

अकरा वाजता शाहजादी सांगलीच्या कार्यालयात पोचली. स्टँडवर लावताना स्कूटर भिंतीवर कलली. तिनं ती तशीच सोडली.

आतल्या खोलीत दार लावून तिनं नोंदी काढल्या. कोण कधी आत आलं, कुठल्या संगणकावरून, काय उघडलं, हे सगळं तिच्या कामात आपोआप लिहिलं जातं.

मंगळवार, सकाळी ११ वाजून ३८ मिनिटं. राहीबाईंचं नाव. पासवर्ड पहिल्याच फटक्यात बरोबर. पण मुदत आदल्या रात्रीच संपलेली. नवा ठेवायचा पडदा आला.

११.३९. नवा पासवर्ड दिला. नाकारला. कारण: जुनाच पुन्हा दिला आहे.

११.४०. परत दिला. परत तेच कारण.

११.४२. वेगळा दिला. स्वीकारला.

११.४३. अंकिताचं पान उघडलं. ११.४४. बाहेर.

संगणक क्रमांक दोन. म्हणजे इथला, सांगलीचा, बाहेरच्या मोठ्या खोलीतला.

शाहजादी दुरुस्तीला आली की त्याच खुर्चीत बसायची.

तिनं राहीबाईंना फोन लावला.

"मावशी, मंगळवारी साडेअकराला कुठं होता?"

"सिव्हिलला. त्या नव्या बाईच्या पायाचा फोटू काढायला. दिसभर रांगेत. का गं?"

"आणि काल कुलूप पडलं, ते आज सांगताय?"

"लाज वाटली. म्हनलं, तू म्हनशील म्हातारीला जमत न्हाई."

"मी असं कधी म्हटलंय?"

"तू न्हाई. बाकीची म्हनत्यात."

शाहजादीनं डोळे मिटले. मुदत संपल्यावर पासवर्ड बदलला की मालकाच्या फोनवर मेसेज जावा, अशी सोय तिनं केली होती. राहीबाईंनीच ती बंद करायला लावली. फोन वाजला की घरातल्या बायांच्या काळजात धस्स होतं, म्हणाल्या. शाहजादीलाही ते पटलं होतं. मंगळवारी तो मेसेज गेला असता, तर दोन दिवस हातात होते.

"मावशी, तुमचा जुना पासवर्ड काय होता? आता तो मेलाय, सांगायला हरकत नाही."

पलीकडे राहीबाई नुसत्या खाकरल्या.

"मावशी?"

"न्हाई सांगता येत."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तसं न्हाई गं बाय. त्ये मी तोंडानं घेत न्हाई." मग राहीबाई दुसरीकडे वळून म्हणाल्या, "अंकिता, ये गं बाहीर. हे कारड धर. त्ये मधलं नाव वाच ह्या बाईला. मधलं. माझं न्हाई, आडनाव न्हाई."

पावलं वाजली. मग एक बारीक, सुकलेला आवाज. "केरबा."

"आनि फुडं सात," राहीबाई लांबून ओरडल्या. "दर बारीला आकडा वाढीवते मी. सात म्हनायला काय न्हाई."

त्या तशा सकाळीही शाहजादीला हसू आलं. बेचाळीस वर्षांत ज्या नावाचा उच्चार केला नाही, ते जगात कुणालाच माहीत नसणार, असा राहीबाईंचा हिशेब होता. नाव आधार कार्डावर होतं, रेशन कार्डावर होतं, संस्थेच्या हजेरीबुकात रोज होतं.

"अंकिता," ती म्हणाली, "फोन ठेवू नकोस. जेवलीस?"

"नाही." मग, "ताई, त्याला कसं कळलं?"

"ते मी शोधतेय."

"तो गाडीतून उतरत नाही. नुसता बसलाय. घरीसुद्धा तो असाच बसायचा, आधी."

*

सयाजी साताऱ्यातच होता. जीप घराच्या मागच्या बोळात, आणि स्वतः समोरची गाडी दिसेल अशा कोपऱ्यावर. मंगळवारी मात्र तो सांगलीत होता. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. फोनवर तो नेहमीच ओरडून बोलायचा, आज कुजबुजत होता.

"मॅडम, सरळ विचारा. फोडलंस का, आसं."

"फोडलंस का?"

"न्हाई."

"मंगळवारी साडेअकराला काय करत होतास?"

"जीप धूत हुतो, तुमच्याच हापिसाच्या दारात. आत दोनदा आलो, पानी प्यायला."

"संगणकाला हात लावलास?"

"त्याला बघूनच मला घाम फुटतो. माझा पासवर्ड विश्वजीतच बदलून देतो."

"अंकिता कुठल्या घरात आहे, तुला कधी कळलं?"

"आवं, मीच सोडली की तिला. मागल्या सीटखाली, चादर टाकून. कराडच्या फुडं पोरगी शिंकली, तर माझाच जीव गेला हुता." तो थांबला. "मावशींच्या पासवर्डचं म्हनताय का? त्येचं सुतक तर सोमवारीच चालू हुतं. चहाला बसून रडगानं, उद्या माझा पासवर्ड मरतोय म्हनून. मी म्हनलं, तेराव्याला बोलवा."

"चहाला कोण कोण होतं?"

"मी, विश्वजीत, मावशी. मावशी मीटिंगला आल्या हुत्या, संध्याकाळी परत नेलं मीच."

"सयाजी, गाडी अजून आहे?"

"हाय. आनि आता मागनं एक म्हातारी बी उतरलीया. हातात डबा हाय."

*

विश्वजीत खुर्चीच्या टोकावर बसला. एकोणतीस वर्षांचा, नीटनेटका. आज शर्टाची कॉलर ओली होती.

"मॅडम, आधी एक सांगतो. माझं आजोळ आष्ट्याचं. शंभूराजचे लोक लांबचे पाहुणे लागतात. हे आधीच सांगायला हवं होतं."

"का नाही सांगितलंस?"

"नोकरी जाईल म्हणून."

"मंगळवारी साडेअकराला?"

"इथंच. बारापर्यंत पत्रं टाइप करत होतो, एक नंबरवर."

"दोन नंबरवर कोण होतं?"

"बघितलं नाही. पाठ असते माझी तिकडं. येऊन-जाऊन सगळेच बसतात."

"राहीमावशींच्या पासवर्डची मुदत कधी संपत होती, माहीत होतं?"

त्यानं खिशातून डायरी काढून पुढे सरकवली. प्रत्येकाच्या नावापुढे तारीख. "सोमवारी रात्री बारा. मीच आठवण केली त्यांना. त्या म्हणाल्या, बघू उद्या."

"मागच्या वेळी कुणी बदलून दिला?"

"मी म्हटलं होतं, सांगा मावशी, मी मारतो. पण त्यांनी की-बोर्ड स्वतःकडे ओढला. मग एका बोटानं, अक्षर शोधत शोधत... पाच-दहा मिनिटं तरी." त्याला हसू फुटत होतं, त्यानं आवरलं. "आमची जेवायची वेळ होती. सगळे डबे उघडून भोवतीनं बसलेलो."

"सगळे म्हणजे?"

"सगळेच. सयाजीकाका, संयोगितामॅडम, मी."

तो उठला, दारापर्यंत गेला आणि वळला. "मॅडम, ती मुलगी वाचेल ना?"

शाहजादीनं त्याची डायरी मिटून स्वतःकडे ठेवली. तिला वाटलं, मनानं चांगला आहे हा. की नाटक फार चांगलं करतोय?

*

संयोगितानं येताना पाण्याचा तांब्या आणला. तिचा आवाज असा, की रडणारं माणूस निम्मं शांत व्हावं. पस्तिशीची, विश्रामबागेत राहणारी. दहा वर्षांत तिनं कितीतरी बायकांची दुःखं ऐकून घेतली होती. शाहजादीनं स्वतःची आई गेली तेव्हा हिच्याच खांद्यावर डोकं ठेवलं होतं.

"तुमचा चेहरा किती उतरलाय, शाहजादीताई. पाणी घ्या आधी."

"घेते. मंगळवारी साडेअकराला तू?"

"माझ्या खोलीत. आठ दिवसांची रजा संपवून त्याच दिवशी सकाळी आले, फायलींचा ढीग पडला होता. बाहेर फारशी आलेच नाही."

"अंकिता कुठल्या घरात आहे, तुला माहीत होतं?"

"नाही. नियमच आहे ना तसा. मी तिच्याशी फोनवरच बोलते."

"राहीमावशींचा पासवर्ड कुणाला माहीत असेल?"

संयोगितानं उसासा सोडला. "खरं सांगू? कुणावर आळ घ्यायचा म्हणून नाही सांगत. पण तो गुपित कुठं होता? महिन्यामागं त्यांचं लॉगिन अडलं, तेव्हा त्यांनी विश्वजीतला फोन केला होता. स्पीकर चालू होता. राहीमावशी साताऱ्यातून ओरडून सांगत होत्या, केरबा, केरबा, पुढं सात. दोनदा सांगितलं. मी तिथंच होते, माझ्या कानांनी ऐकलं." ती पुढे वाकली. "विश्वजीतचं आजोळ आष्ट्याचं आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का?"

"आत्ताच कळलं."

"पोरगा वाईट नाही. पण पाहुण्यांचा दबाव असतो, ताई."

शाहजादी पाणी प्यायली.

साडेबारा वाजले होते.

*

पाऊण वाजता राहीबाईंचा फोन आला. त्या बोलत नव्हत्या, नुसता फोन चालू ठेवला होता. फाटकाची कडी वाजत होती. मग एका बाईचा आवाज, मऊ, लोण्यासारखा.

"अंकिता, बाळा. मी हाय, तुझी सासू. शेंगापोळी आनलीया गं तुला. तुझ्या आवडीची. दार उघड. कोन काय करत न्हाई तुला."

शिपाईबाईचा आवाज आला, "मागं व्हा, मावशी."

"आवं, सुनंला डबा देन्याला बी बंदी हाय का आता?"

मग अगदी जवळून, फोनला तोंड लावून, अंकिता.

"ताई, आत्याबाई त्या दिवशीपण दाराबाहेरच बसल्या होत्या. तो आत माझा गळा... आणि त्या बाहेर शेंगा निवडत होत्या. मला उद्या कोर्टात जायचं नाही. मी घरी जाते. मी गेले तर हे संपेल."

"नाही," शाहजादी म्हणाली. एवढा एकच शब्द तिला सापडला. "अंकिता, मला तासभर दे. एक तास न्हाणीत बैस, आतून कडी लाव. राहीमावशी दाराशी बसतील. देशील?"

न्हाणीची कडी लागल्याचा आवाज आला.

"एकच तास," अंकिता म्हणाली.

शाहजादीनं कागद पुढे ओढला. नोंदींतल्या सगळ्या वेळा लिहिल्या आणि शेजारी तिघांची नावं. शंका येत नव्हती असं नाही. शंका केव्हाच आली होती. तिला ती नको होती.

*

पावणेदोन वाजता तिनं दोघांना मोठ्या खोलीत बोलावलं. सयाजी फोनवर होता. विश्वजीत भिंतीला टेकून उभा, संयोगिता खुर्चीत. दोन नंबरचा संगणक चालू होता.

"फार बोलायला वेळ नाही," शाहजादी म्हणाली. "मंगळवारी या खुर्चीत कुणीतरी बसलं आणि मावशींचा पासवर्ड घातला. एकदाही चुकला नाही. नाव हजेरीबुकात सापडेल, पण आकडा तिथं नसतो. म्हणजे अंदाजानं नाही, पक्क्या माहितीनं. तो माहीत होणं सोपं होतं. त्या एका बोटानं टाइप करतात. पडद्यावर ठिपके येतात, मी तेवढी काळजी घेतली. बोटावर कुठून ठिपके आणू? पंचेचाळीस दिवसांपूर्वी तुम्ही तिघंही डबे घेऊन त्यांच्या भोवती बसला होता."

"म्हणजे तिघांवरही संशय," विश्वजीत म्हणाला.

"सयाजीवर नाही. त्यानं स्वतः अंकिताला त्या घरात सोडलं. ज्याला पत्ता पाठ आहे, तो पत्ता कशाला शोधेल?"

फोनमधून सयाजीनं सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला.

"राहिले दोघं. आता हे बघा. पासवर्ड बरोबर पडला, पण यंत्र म्हणालं, मुदत संपली, नवा ठेवा. चोरानं काय केलं? तोच जुना परत दिला. नाकारला. परत तोच दिला. का? कारण नवा ठेवला की दुसऱ्या दिवशी मावशींना आत जाता येणार नाही आणि चोरी उघडी पडणार. त्याला चाहूल लागू द्यायची नव्हती. जुनाच राहावा म्हणून दोनदा धडपड केली. नाइलाज झाला तेव्हा बदलला. काय ठेवला, ते मलाही दिसत नाही. पासवर्ड मी दळून ठेवते, पिठावरून दाणा ओळखता येत नाही. पण त्या चार मिनिटांतली तारांबळ नोंदलेली आहे. चोराला मुदत संपल्याचं माहीतच नव्हतं. माहीत असतं तर तो सोमवारी आला असता. सोमवारी जुन्या पासवर्डनं दार गुपचूप उघडलं असतं आणि कुणाला कधीच कळलं नसतं."

शाहजादीनं डायरी उघडून टेबलावर ठेवली.

"विश्वजीतच्या डायरीत तारीख होती. त्यानंच मावशींना आठवण केली. सोमवारी चहाला त्याचीच थट्टा झाली. त्या चहाला जे नव्हतं, त्यालाच हे ठाऊक नव्हतं."

संयोगिता हळूच म्हणाली, "मी रजेवर होते, एवढ्यावरून तुम्ही..."

"एवढ्यावरून नाही. तू मला सांगितलंस, तू कानांनी ऐकलं. मावशी फोनवर विश्वजीतला ओरडून सांगत होत्या, केरबा, पुढं सात." शाहजादीचा आवाज चिरकला. "संयोगिता, तू तुझ्या नवऱ्याला नावानं हाक मारतेस. मीही मारायचे. तुझ्या ध्यानातच आलं नाही. केरबा हे मावशींच्या नवऱ्याचं नाव आहे. त्या माणसाला जाऊन अकरा वर्षं झाली, अजून त्यांच्या तोंडून ते निघत नाही. आज सकाळी एका मुलीचा जीव टांगणीला लागला होता, तरी त्यांनी ते कार्डावरून दुसरीलाच वाचायला लावलं. त्या ते फोनवर दोनदा ओरडल्या? ते तू ऐकलेलं नाहीस. ते तू बघितलंयस. बोटाकडं."

विश्वजीत भिंतीपासून सुटा झाला. "संयोगितामॅडम, तुम्ही माझं नाव घेतलंत?"

संयोगितानं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"बनुबाई आल्या होत्या," ती म्हणाली. "शंभूराजची आई. रविवारी, माझ्या घरी. दोन तास बसल्या. पदर पसरला माझ्यापुढं. म्हणाल्या, पोरगं बदललंय, जेवत नाही, रात्री उठून बसतं. कोर्टात जायच्या आधी एकदा सुनेची भेट घडवा, पाया पडून परत जातो. ताई, मी किती घरं जोडलीत तुम्हाला माहीत आहे. मला वाटलं, हेही जुळेल. जबाब झाला की ते कायमचं तुटणार होतं."

"त्या दिवशी ती बाई दाराबाहेर शेंगा निवडत बसली होती. अंकिता आत मरत होती."

"हे मला माहीत नव्हतं."

"विचारलंस का अंकिताला?"

दुसऱ्यांना प्रश्न विचारण्यात संयोगिताची दहा वर्षं गेली होती. हा एक तिनं विचारला नव्हता.

"अजून काय सांगितलंस त्यांना?" शाहजादी पुढे आली. "संयोगिता. आज काय सांगितलंस?"

"मघाशी... तुमच्याशी बोलल्यावर मला भीती वाटली. म्हटलं, लवकर भेटून मोकळे होऊ देत. मी मेसेज केला. तीन वाजता पोलिसांची गाडी येऊन तिला नेणार आहे, म्हणून."

फोनमधून सयाजी ओरडला. कुजबुज विसरून, पूर्वीसारखा. "मॅडम, दुसरी गाडी आलीया! पांढरी बी हालली, दोन वळनांवर दोन गाड्या हायत!"

साताऱ्याच्या त्या बोळातून बाहेर पडायला दोनच वळणं होती.

शाहजादीला ओरडावंसं वाटलं, या बाईचे केस धरावेसे वाटले. तिनं संयोगिताचा फोन उचलला आणि तिच्या हातात दिला.

"रडायचं नंतर. त्यांचा तुझ्यावर विश्वास आहे ना? लिही. पोलिसांनी फसवलं. तीनची गाडी रिकामी येणार आहे. मुलीला तासापूर्वीच मागच्या दारानं काढून म्हसवडला नेलं, राहीबाईंच्या माहेरी. लवकर गेलात तर वाटेत गाठ पडेल."

संयोगितानं दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा लिहिलं, पाठवलं.

एक मिनिट. दोन.

उत्तर आलं. 'देव तुझं भलं करो बाई.'

"सयाजी?"

"डबेवाली बसली गाडीत. पांढरी गाडी वळली... गेली. दुसरी बी तिच्या मागनं. दहिवडीच्या रस्त्याला लागल्यात दोन्ही."

"आता काढ पोरीला. तीनची वाट बघू नकोस. शिपाईबाईला पुढं बसव. आणि सयाजी..."

"व्हय मॅडम?"

"कुठं नेतोस, ते मला सांगू नकोस."

मागे राहीबाईंचा आवाज आला, न्हाणीचं दार बडवणारा. "ऊठ गं माझी वाघीन. चप्पल ऱ्हाऊ दे. चल." मग कडी निघाल्याचा आवाज. मग जीप.

विश्वजीतनं पोलिसांना फोन लावला. दोन गाड्यांचे नंबर सयाजीनं सांगितले होते. संयोगिता खुर्चीत बसून होती. थोड्या वेळानं तिनं स्वतःच विचारलं, "माझा जबाब कुठं द्यायचा?" शाहजादी तिला ठाण्यावर घेऊन गेली. स्कूटरवर, मागे बसवून. रेल्वे फाटकापाशी थांबल्यावर संयोगितानं आधारासाठी शाहजादीच्या खांद्यावर हात ठेवला. शाहजादीनं तो काढला नाही.

*

शुक्रवारी शाहजादी कोर्टात गेली नाही. तिला आवारात जायचा धीर झाला नाही. ती कार्यालयात बसून दार दुरुस्त करत होती. मुदत संपलेला पासवर्ड कुणीही, कुठूनही बदलला, की आता मालकाला फोन जाणार होता आणि मालकानं 'व्हय' म्हटल्याशिवाय पुढचं काहीच उघडणार नव्हतं. काळजात धस्स झालं तर होऊ दे, ती स्वतःशी म्हणाली.

अकरा वाजले. बारा. एक. तिनं एक ओळ चार वेळा लिहिली, चार वेळा पुसली.

दीड वाजता सयाजीचा फोन आला.

"मॅडम, झालं."

"सगळं सांगितलं तिनं?"

"समदं. दोन तास. त्यांचा वकील म्हनला, एवढी भीती वाटत हुती तर आरडली का न्हाईस? पोरगी म्हनली, गळा त्यांच्या हातात हुता, आवाज कुठनं आननार." सयाजी खाकरला. "जज्जबाईनं पानी दिलं तिला. शंभूराजला कालच दहिवडीजवळ अडवलंय, गाडीत दोरी घावली. त्येचा जामीन गेला."

शाहजादीनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मॅडम? हाय का तुमी?"

"आहे रे. ती काय करतेय?"

"भेळ खाती. तिखट घाल म्हनती अजून. मावशी वरडायला लागल्यात, पोट बिघडंल म्हनून. ऐकत न्हाई."

"खाऊ दे," शाहजादी म्हणाली. "सयाजी, तिला म्हणावं, खा."